गच्चीचे वॉटरप्रूफिंग पहिल्याच पावसात गळले, ठेकेदार गॅरंटी नाकारतो: ग्राहक आयोगाकडे जावे का?

बोरीकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. अमळनेर येथील आमच्या घराच्या दुरुस्तीवरून एका ठेकेदाराशी वाद झाला असून, त्यात कायद्याने नेमके काय करता येईल, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे. घर वडिलांच्या नावावर आहे. तेथे आई आणि नाना, म्हणजे माझे वडील, असे दोघेच राहतात. मी नोकरीनिमित्त पुण्यास असतो.

गच्चीवरचा जुना कोबा ठिकठिकाणी फुटल्यामुळे स्वयंपाकघराच्या छताला ओल धरू लागली होती. म्हणून मार्च महिन्यात धुळ्याच्या एका ठेकेदारास काम दिले. त्याने आपल्या लेटरहेडवर कोटेशन दिले. जुना कोबा उखडून विटांचा नवा कोबा घालणे, त्यावर केमिकलचे दोन हात देणे, कठड्याच्या कडेने वाटा (गच्ची आणि कठडा यांच्या सांध्यातला गोल भराव) मारणे आणि न्हाणीघराची फरशी बदलणे, असे सर्व मिळून ३,४०,००० रुपये ठरले. कोटेशनच्या तळाशी त्याने स्वतःच्या हाताने ‘१० वर्षे गॅरंटी’ असे लिहून सही केली आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्या बहिणी माहेरी येतात, त्यामुळे त्याआधी काम उरकायचे असेही बोलणे झाले होते.

आखाजी झाली तरी गच्चीवर रेतीचे ढीग तसेच होते. मिस्तरी दोन दिवस येत आणि चार दिवस दुसऱ्या साइटवर जात. मेअखेरीस काम कसेबसे संपले आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात स्वयंपाकघर, देवघर आणि जिन्याजवळचा कोपरा अशा तीन ठिकाणी पाणी टपकू लागले. न्हाणीघरातील काही फरश्या आताच बद्द वाजतात. ठेकेदारास फोन केला, तेव्हा आधी ‘व्हई जाई भाऊ, एक पाऊस पडू द्या, कोबा बसू द्या’ असे उत्तर मिळाले. नंतर गळती टाकीच्या पाइपची आहे असे तो म्हणू लागला. आता त्याचे म्हणणे असे की, गॅरंटी केवळ केमिकलची होती, मजुरीची नव्हती. उरलेले ८०,००० रुपये चुकते करा आणि शीट टाकण्याचे आणखी ४५,००० रुपये द्या, मग बघू.

आतापर्यंत २,६०,००० रुपये दिले आहेत. त्यांपैकी १,३०,००० रुपये नानांच्या धनादेशाने, ८०,००० रुपये माझ्या यूपीआयवरून आणि ५०,००० रुपये रोख गेले. धनादेशाची पावती आहे आणि तिच्यावर ‘एकदा दिलेली आगाऊ रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही’ असे छापलेले आहे. रोख रकमेची पावती नाही. मात्र ‘५० मिळाले’ असा त्याचा व्हॉट्सअॅप संदेश आहे. बिल मागितले असता ‘जीएसटी वेगळा लागेल’ असे सांगून तो टाळतो.

अशा कामासाठी ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते का? तक्रार कोणाच्या नावाने आणि कोठे करावी? पावतीवरील त्या छापील ओळीमुळे आमचा हक्क जातो का? आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत गच्ची तशीच गळू द्यायची का? नानांचा आग्रह शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी मिळावे असा आहे.

पांझराकर

मी वकील नाही. ग्राहक चळवळीत काही वर्षे काम केल्यामुळे धुळे आणि जळगाव येथील आयोगांत लोकांसोबत जाणे-येणे असते. त्या आधारावर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होय असे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील ‘सेवा’ या संज्ञेच्या व्याख्येत घरबांधणीचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि त्याहीपूर्वी लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या १९९३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बिल्डर व ठेकेदार यांच्या कामाकडे सेवा म्हणूनच पाहिले होते. ठरलेल्या दर्जाचे काम न करणे ही सेवेतील त्रुटी होय. बिल देण्याचे नाकारणे हे त्याच कायद्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा म्हणून वेगळे नमूद केलेले आहे, तेव्हा तक्रारीत हा मुद्दा स्वतंत्र परिच्छेद करून मांडावा. पुष्कळ तक्रारदार केवळ गळतीवर भर देतात आणि बिलाचा मुद्दा ओझरता लिहितात. वास्तविक तो सिद्ध करण्यास सर्वांत सोपा असतो, कारण बिल दिले असेल तर ते ठेकेदारानेच दाखवायचे असते.

तक्रार आपल्या वडिलांच्या नावाने करावी. काम त्यांच्या घराचे, कोटेशन त्यांना दिलेले आणि मोठा धनादेश त्यांचा आहे. आपणही रक्कम दिलेली असल्यामुळे सहतक्रारदार होऊ शकता. तसे व्हायचे नसेल, तर वडिलांचे अधिकारपत्र घेऊन त्यांच्या वतीने उभे राहता येते. वकील लावणे सक्तीचे नाही. २०१९ च्या कायद्यातील कलम ३४ मुळे तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील जिल्हा आयोगातही तक्रार चालते. जुन्या, १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती आणि विरुद्ध पक्षाच्या किंवा तक्रारीचे कारण घडले त्या गावी हेलपाटे घालावे लागत. आपण पुण्यात आहात म्हणून पुण्यास तक्रार करण्याचा मोह होईल, पण तो टाळावा असे माझे मत आहे. घर, साक्षीदार आणि पाहणी करणारा अभियंता हे सगळे अमळनेरला असताना जळगाव जिल्हा आयोगच सोयीचा. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते (पूर्वी ई-दाखिल हे संकेतस्थळ होते, २०२५ पासून ई-जागृती आहे) आणि पुरेसे कारण दाखवून दृक्श्राव्य माध्यमातून सुनावणी व्हावी असा अर्जही देता येतो.

आयोगाची आर्थिक मर्यादा आपण सेवेसाठी मोजलेल्या मोबदल्यावर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नव्हे. जिल्हा आयोगाची मर्यादा सध्या ५० लाख रुपये आहे आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य आहे. म्हणजे आपल्याला शुल्क भरावे लागणार नाही.

मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. येथे लोक हमखास फसतात. ठेकेदार ‘दिवाळीनंतर करून देतो’, ‘उन्हाळ्यात बघू’ असे म्हणत राहतो आणि आपण पत्रे पाठवीत राहतो. नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. विलंब माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, परंतु त्यासाठी सबळ कारण द्यावे लागते आणि ‘तो आश्वासने देत होता’ हे कारण पुरेसे धरले जाईलच असे नाही.

छापील ओळीविषयी. पावती फाडल्यावर वाचायला मिळणारी अट कराराचा भाग झाली का, हाच मुळात वादाचा मुद्दा आहे, कारण दर, काम आणि गॅरंटी आधीच कोटेशनने ठरली होती. शिवाय कलम ३९ अन्वये त्रुटी दूर करण्याचा, मोबदला परत देण्याचा आणि नुकसानभरपाईचा आदेश जिल्हा आयोग देऊ शकतो. तो अधिकार पावतीबुकावरच्या ओळीने जात नाही. मात्र एक बारकावा ध्यानात ठेवावा. करारच अन्यायकारक आहे, सबब ती अट रद्दबातल ठरवा, अशी स्वतंत्र मागणी केल्यास ते प्रकरण राज्य आयोगाच्या कक्षेत जाते. आपल्याला त्या वाटेने जाण्याचे कारण नाही. त्रुटी आणि अनुचित प्रथा एवढ्यावरच तक्रार उभी करा आणि ती अट आपल्याला बंधनकारक नाही असे उत्तरादाखल म्हणा.

तक्रारीपूर्वी नोटीस पाठविणे कायद्याने अनिवार्य नाही, पण पाठवावीच. नोंदणी व पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची मुदत द्यावी, आणि तिच्यात राग नको, तारखा हव्यात: कोटेशन केव्हाचे, रक्कम केव्हा व कशी दिली, काम केव्हा संपले, गळती प्रथम केव्हा दिसली, त्याने कोणत्या दिवशी काय उत्तर दिले. नोटिशीतील मजकूर पुढे तक्रारीचा कणा होतो, म्हणून त्यात मागितलेली रक्कम आणि तक्रारीतील रक्कम यांत विनाकारण तफावत ठेवू नये. मानसिक त्रासापोटी पाच लाख मागणाऱ्या तक्रारी मी पाहिल्या आहेत. अशाने मूळ मागणीचेही वजन कमी होते.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार नोंदवता येते, तेव्हा नोंदवून ठेवायला हरकत नाही. पण हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, आणि मोठ्या कंपन्या तिला जसे उत्तर देतात तसे गावपातळीवरचा ठेकेदार देईल, अशी अपेक्षा करू नये.

भुसावळवासी

इतके सगळे करण्यापेक्षा सरळ पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार द्यावी, असे मला वाटते. गुन्हा दाखल होण्याची वेळ आली की असे लोक दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन दारात उभे राहतात. आयोगात तारखांवर तारखा पडतात. नानांच्या वयाचा विचार करावा.

पांझराकर

भुसावळवासी, आपली कळकळ समजते. तथापि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालील फसवणुकीसाठी, पैसे घेतानाच काम न करण्याचा किंवा ठकविण्याचा हेतू होता, हे दिसावे लागते. येथे ठेकेदाराने काम केले आहे, ते वाईट केले आहे. करारभंग आणि फसवणूक यांतील ही रेषा सर्वोच्च न्यायालयाने वारंवार अधोरेखित केली आहे, आणि दिवाणी स्वरूपाचा वाद म्हणून पोलीस असा अर्ज निकाली काढतात. एखाद्याने चार घरांचे आगाऊ पैसे घेऊन एकाही घरी फावडे लावले नाही, तर गोष्ट वेगळी. तेव्हा मीही आपल्यासारखाच सल्ला देईन.

विलंबाचे म्हणणे मात्र खरे आहे. विरुद्ध पक्षास नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांत, निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून बराच अधिक काळ लागतो. म्हणूनच गच्चीच्या दुरुस्तीचा प्रश्न निकालाशी बांधून ठेवता येत नाही. त्याविषयी गिरणाथडी यांनी लिहावे. ते या क्षेत्रातले आहेत.

गिरणाथडी

मी स्थापत्य अभियंता असून चाळीसगाव-पाचोरा भागात बांधकामाची देखरेख आणि मूल्यांकनाची कामे करतो. ठेकेदारांच्या बाजूने आणि घरमालकांच्या बाजूने, असे दोन्ही प्रकारचे अहवाल दिले आहेत. आपल्या प्रकरणाचा निकाल कायद्याच्या कलमांपेक्षा गच्चीवरच्या पुराव्यावर अधिक अवलंबून राहील. त्रुटी सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या प्रकरणात स्पष्ट केले आहे. छत गळते हे फोटोवरून दिसते. ते ठेकेदाराच्या कामामुळे गळते, हे फोटो सांगत नाही.

प्रथम टाकीचा मुद्दा निकालात काढावा, कारण तो उद्या त्याच्या लेखी जबाबात येणारच. पावसाने सलग उघडीप दिली की टाकी पूर्ण रिकामी करून पाइपलाइन बंद ठेवावी आणि छताची ओल कशी बदलते, ते रोज एकाच जागेवरून, एकाच वेळी फोटो काढून नोंदवावे. मग टाकी भरून तेच पुन्हा करावे. टाकी भरल्यावरही कोरड्या दिवसांत टपका वाढला नाही, तर पाइपाचा बचाव फारसा टिकत नाही. त्यानंतर गच्चीचे पावसाळी पाइप कापडाचे बोळे घालून बंद करावेत आणि दोन-तीन बोटे पाणी साठवून अठ्ठेचाळीस तास ठेवावे. ही चाचणी खरे तर काम ताब्यात घेतानाच ठेकेदाराने करून दाखवायची असते. ती झाली नव्हती, हेही लिहून ठेवावे. साठवलेल्या पाण्यात रंग मिसळला आणि खाली तोच रंग उतरला, तर मग बोलायलाच नको. मात्र स्वयंपाकघरातील दिव्यांच्या वायरिंगजवळ पाणी उतरत असेल, तर त्या भागाचा वीजपुरवठा बंद करूनच हे सारे करावे.

आपल्या वर्णनावरून मला दोन ठिकाणी संशय येतो. पहिला वाट्यांवर. गच्चीची फरशी आणि कठडा जेथे मिळतात, तो कोपरा गोलाई देऊन भरावा लागतो आणि केमिकलचा हात कठड्यावर वीतभर तरी चढवावा लागतो. मिस्तरी घाईत असले की वाटा दिसायला गोल होतो, पण कठड्याचा जुना गिलावा न फोडता त्याच्यावरच थापलेला असतो. अशा वाट्याच्या वरच्या कडेला नख घालून पाहावे. केसाएवढी फट सरळ रेषेत गेलेली दिसेल आणि नखाला पांढरी भुकटी लागेल. जिन्याजवळचा कोपरा गळतो, यावरून हेच असण्याची शक्यता मला अधिक वाटते. दुसरा संशय पाणी मारण्यावर. एप्रिल-मेच्या उन्हात आपल्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा कोब्यावर आळी करून निदान आठवडाभर पाणी धरून ठेवले नाही, तर तो तडकतोच. मिस्तरी चार-चार दिवस येत नव्हते असे आपण म्हणता. त्या दिवसांत पाणी कोणी मारले? आई-नानांनी मारले असेल तर तसे, कोणीच मारले नसेल तर तसे, शपथपत्रात आले पाहिजे. ‘कोबा बसू द्या’ हे त्याचे उत्तर तर विचारात घेण्याजोगेही नाही. पावसाने कोबा बसत नसतो.

हे झाल्यावर परवानाधारक अभियंत्याकडून पाहणी अहवाल घ्यावा. पाहणीची तारीख आणि वेळ ठेकेदाराला आधी लेखी कळवावी. तो आला तर त्याच्यासमक्ष पाहणी होईल. न आला तर बोलावूनही आला नाही, हे कागदावर येईल. एकतर्फी अहवाल म्हणून पुढे होणारा आक्षेप यामुळे बराचसा बोथट होतो. अहवालात उताराचे मोजमाप असावे. गच्चीचा उतार साधारण शंभरास एक ठेवण्याची रीत आहे, आणि सुतळी ताणून व लेव्हल लावून ते सहज मोजता येते. फरश्या कोठे कोठे बद्द वाजतात, त्याचा नकाशा असावा, आणि दुरुस्तीचा बाबवार अंदाजखर्च असावा. आयोगाला रक्कम ठरविताना हाच तक्ता लागतो. अहवाल देणाऱ्याचे शपथपत्रही सोबत जोडावे.

आता नानांचा प्रश्न. गच्ची गळत ठेवू नये. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ खालील स्पष्टीकरणाप्रमाणे नुकसान ठरविताना, ते टाळण्याचे कोणते साधन हाताशी होते हेही पाहिले जाते. वर्षभर पाणी पडू देऊन नंतर फर्निचर, रंग आणि धान्याच्या कोठीची भरपाई मागितली, तर ‘तुम्ही ताडपत्री का टाकली नाही’ असा प्रश्न येणारच. म्हणून आज ताडपत्री टाका. पाहणी झाली, अहवाल हाती आला आणि नोटिशीची मुदत संपली, की दुसऱ्याकडून पक्की दुरुस्ती करून घ्या, त्याचे पक्के बिल घ्या आणि तो खर्च तक्रारीत मागा. जुना वाटा फोडताना सलग व्हिडिओ काढावा आणि फोडलेले दोन-चार तुकडे तारीख घालून पिशवीत बांधून ठेवावेत. हा क्रम मात्र उलटू नये. आधी दुरुस्ती आणि मग पाहणी असे झाले, तर अभियंत्याला पाहायला काहीच उरत नाही.

शहादेकर

विषय थोडा जवळचा म्हणून लिहितो. आमच्याकडे किचन ट्रॉल्या आणि कपाटांच्या कामात असाच प्रकार घडला. ठरले होते आयएस ७१० चा शिक्का असलेले, म्हणजे पाण्याला टिकणारे प्लाय. सिंकखालच्या कपाटाला वापरले गेले साधे. वर लॅमिनेट चिकटवल्यावर आतले प्लाय दिसत नाही. पावसाळ्यात दाराची खालची कड फुगली, तेव्हा बिजागरीचे स्क्रू काढून पाहिले. प्लायवर शिक्का होता, पण तो आयएस ३०३ चा. त्या शिक्क्याचा जवळून काढलेला एक फोटो नंदुरबारच्या आयोगापुढे इतर सर्व कागदांपेक्षा अधिक उपयोगी पडला.

आम्हाला खरी अडचण आली ती नोटीस बजावण्यात. दुकानाच्या पाटीवर एक नाव, पावतीवर दुसरे आणि यूपीआय खाते तिसऱ्याच्याच नावाने. लेटरहेडवर जीएसटी क्रमांक असेल, तर जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकून व्यवसायाचे कायदेशीर नाव आणि मालकी एकट्याची आहे की भागीदारीची, हे पाहता येते. तक्रार त्या नावाने करावी आणि मालकाचे नाव ‘प्रोप्रायटर’ म्हणून घालावे, नाहीतर निकालानंतर वसुलीच्या वेळी ‘तो मी नव्हेच’ सुरू होते. नोटीस त्याने घेतली नाही म्हणून खचू नये. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलेला लिफाफा न उघडता तसाच जपून ठेवावा. आयोग अशी नोटीस बजावली गेल्याचे मानू शकतो.

ज्यांनी एसी, साफसफाई, रंगकाम अशी कामे मोबाइल अॅपवरून नोंदवली असतील, त्यांच्यासाठी ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० आहेत. त्यांप्रमाणे त्या कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमणे, तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत देणे आणि एका महिन्यात निवारण करणे आवश्यक आहे. ‘आम्ही फक्त गाठ घालून देतो, काम करणारा वेगळा’ हे उत्तर ऐकून घेऊन थांबू नये. अॅपवाली कंपनी आणि काम करणारा या दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे आणि जबाबदारी कोणाची किती, हे आयोगाला ठरवू द्यावे.

बोरीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नानांना गिरणाथडी यांचे उत्तर वाचून दाखविले. ताडपत्री आजच टाकली. वाट्याच्या कडेला नानांनी नख घालून पाहिले, कठड्याच्या बहुतेक लांबीत फट आहे.

आणखी दोन शंका आहेत. उरलेल्या ८०,००० रुपयांसाठी ठेकेदार आमच्यावर उलट दावा करील का? आणि त्याच्या एका नातेवाइकाने मध्यस्थी करून ‘आपसात मिटवा, तो पुन्हा करून देईल’ असा निरोप पाठविला आहे. नानांना कोर्ट-कचेरी नको आहे, त्यामुळे त्यांचा कल तिकडे झुकतो आहे.

पांझराकर

ग्राहक आयोगात व्यावसायिकाला ग्राहकाविरुद्ध तक्रार दाखल करता येत नाही. त्याला ८०,००० रुपये हवे असतील, तर दिवाणी न्यायालयात जावे लागेल आणि तेथे त्याला आधी आपले काम करारानुसार पूर्ण झाल्याचे दाखवावे लागेल. तरीही, ही रक्कम आपण दिलेली नाही ही गोष्ट तक्रारीत स्वतःहून लिहावी. दुरुस्तीचा खर्च मागताना ती वजा करून मागणी केली, तर आयोगापुढे आपली बाजू स्वच्छ दिसते आणि त्याच्या जबाबातील मुख्य आरोपही निघून जातो. आपण सांगितलेल्या रकमा पाहता अंदाजखर्च ८०,००० च्या आसपासच आला, तर तक्रार करण्यात फारसा अर्थ उरणार नाही, हेही मोकळेपणाने सांगतो. अशा वेळी बाकी न देता दुसऱ्याकडून काम करून घेणे आणि नोटिशीद्वारे तसे कळविणे पुरेसे आहे. खर्च त्याहून बराच अधिक येत असेल, तर मात्र मागे हटू नये.

तडजोड वाईट नाही, पण तोंडी नको. पुन्हा काम करून देतो म्हणतो तर कोणते काम, कोणत्या साहित्याने, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या अभियंत्याच्या देखरेखीखाली, हे लिहून घ्यावे. पाणी साठवण्याची चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय बाकी मिळणार नाही, ही अट त्यात असावी. ‘यापूर्वीच्या कामाबद्दल कोणतीही तक्रार राहिलेली नाही’ असे वाक्य त्याच्या मसुद्यात हमखास असते. चाचणी होण्याआधी त्यावर सही करू नये. याहून पक्के हवे असेल, तर अमळनेरच्या तालुका विधी सेवा समितीकडे दावा दाखल होण्यापूर्वीचे प्रकरण म्हणून अर्ज देऊन लोकअदालतीत तडजोड नोंदवून घ्यावी. त्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते. तक्रार दाखल केल्यानंतरही वाट बंद होत नाही; दोन्ही पक्षांची लेखी संमती असेल, तर कलम ३७ खाली आयोग प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो.

नानांना कचेरीची धास्ती असेल, तर त्यांना एवढे सांगावे की आयोगात पुरावा बहुतांशी शपथपत्रांवर चालतो. उलटतपासणीसाठी पिंजऱ्यात उभे राहण्याचा प्रसंग क्वचितच येतो. ठेकेदाराला लेखी जबाबासाठी तीस दिवस आणि वाढवून फार तर पंधरा दिवस मिळतात. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०२० मध्ये जुन्या कायद्यातील तशाच तरतुदीविषयी ठरविले आहे. निकाल विरुद्ध गेला तर त्याला पंचेचाळीस दिवसांत अपील करावे लागते आणि त्यासाठी आदेशातील रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असे झाल्यास कलम ७१ खाली वसुलीचा आणि कलम ७२ खाली शिक्षेचा अर्ज देता येतो. ७२ मध्ये एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा २५,००० ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मध्यस्थ नातेवाइकांना चहाला बोलवाल, तेव्हा नोटिशीची प्रत टेबलावर असू द्यावी.

गिरणाथडी

एक पुरवणी. तडजोडीत तो पुन्हा केमिकलचाच हात देतो म्हणाला, तर मान्य करू नका. कठड्याचा गिलावा वीतभर उंचीपर्यंत फोडून वाटा नव्याने केल्याशिवाय वरून काहीही लावले तरी पाणी त्याच फटीतून उतरणार. आणि हे काम आता भर पावसात नको. ओल्या पृष्ठभागावर बहुतेक केमिकले धरत नाहीत. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये करून घ्यावे, तोपर्यंत ताडपत्रीच्या कडा कठड्यावर विटा ठेवून दाबून ठेवाव्यात, आणि तडजोडीच्या कागदावर तारीख घालताना हा विचार करावा.